आधी नांगर, मग शीड: बेटाबेटांतून नौकेवर राहायला निघालेल्यांसाठी

शिडाच्या नौकेवर राहायचं म्हटलं की डोळ्यांसमोर फुगलेलं शीड येतं. पण उष्ण कटिबंधातल्या बेटांमध्ये फिरणाऱ्या नौका वर्षातले बहुतेक दिवस कुठल्यातरी खाडीत नांगर टाकून उभ्या असतात. तुमचा संसार होणार तो थांबलेल्या नौकेवर. तरीही नवखी माणसं शीड हाताळायला सहा-सहा महिने शिकतात आणि नांगर टाकणं एका दुपारी उरकतात. मीही तेच केलं होतं. ते केवढ्याला पडलं ते पुढे सांगते.

मोसम आधी, नकाशा नंतर

कुठे जायचं याच्या आधी कधी जायचं ते ठरवा. कॅरिबियनमध्ये हरिकेनचा अधिकृत मोसम 1 जून ते 30 नोव्हेंबर. दक्षिण पॅसिफिकमध्ये चक्रीवादळं साधारण नोव्हेंबर ते एप्रिल या काळात येतात. म्हणून कॅरिबियनमध्ये डिसेंबर ते मे फिरायचं आणि दक्षिण पॅसिफिकमध्ये मे ते ऑक्टोबर. या महिन्यांत व्यापारी वारे भरवशाचे असतात: विषुववृत्ताच्या उत्तरेला ईशान्येकडून, दक्षिणेला आग्नेयेकडून, बहुतेक दिवस 15 ते 20 नॉट (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल). शाळेत भूगोलाच्या पेपरासाठी पाठ केलेलं वाक्य इथे रोज अंगावर येतं.

मोसम उलटला की कुठे असायचं, हेही निघायच्या आधीच ठरलेलं हवं. काही जण विषुववृत्ताजवळ जातात. तिथे पाचेक अंशांच्या आत चक्रीवादळं क्वचितच तयार होतात, कारण पृथ्वीच्या फिरण्यामुळे वाऱ्याला मिळणारा पीळ तिथे फार कमी पडतो. काही जण नौका पाण्याबाहेर काढून, बांधून, घरी जातात. 'हे बेट तसं सुरक्षितच आहे' या ऐकीव माहितीवर मात्र राहू नका. कॅरिबियनमधलं ग्रेनाडा बरंच दक्षिणेला, म्हणून लोक तिथे निर्धास्त असत. 2004 च्या सप्टेंबरात आयव्हन हरिकेन त्याच बेटावर आलं. 1 जुलै 2024 ला बेरिल हरिकेनने ग्रेनाडाच्याच करियाकू बेटाला झोडपलं, तेव्हा मोसमाचा जेमतेम पहिला महिना संपला होता.

नांगर

यावर मी जास्त वेळ घेणार आहे.

जागा निवडताना पहिल्यांदा तळ बघा. वाळू उत्तम, घट्ट चिखलही चांगला. समुद्री गवतावर नांगर रुतल्यासारखा वाटतो आणि मुळांसकट उपटून येतो. प्रवाळावर तर टाकायचाच नाही. एक तर शेकडो वर्षं वाढलेली गोष्ट तुमच्या साखळीने एका रात्रीत भुगा होते, शिवाय साखळी तिथे अशी अडकते की सकाळी निघता येत नाही. गडद डागांच्या मध्ये फिकट, एकसारखा दिसणारा तुकडा म्हणजे वाळू. त्याच्या मधोमध जा.

मग साखळी किती सोडायची? नियम पाचपट: खोलीच्या पाचपट साखळी, वारा वाढणार असेल तर सातपट. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की नौकेवरचा जोर चौपट होतो, म्हणून ही सढळ मापं. आता माझी गोष्ट. पहिल्याच महिन्यात एका खाडीत यंत्रावर 4 मीटर खोली दिसली, आम्ही 20 मीटर साखळी सोडली आणि शहाण्यासारखे झोपलो. रात्री अडीचला सर आली, तिच्याबरोबर 30 नॉटचा वारा. जाग आली ती शेजारच्या नौकेवरून कोणीतरी शिट्टी वाजवत आमच्या खिडकीवर टॉर्च मारत होतं म्हणून. बाहेर येऊन बघते तर त्यांची नाळ, म्हणजे नौकेचं पुढचं टोक, हाताने ढकलता येईल एवढ्यावर.

हिशेब सकाळी मांडला. 4 मीटर ही ओहोटीची खोली होती. भरतीला 1 मीटर पाणी चढलं. आमची नाळ पाण्यापासून 1.2 मीटर वर, आणि साखळी सुटते ती तिथून. म्हणजे खरी खोली 6.2 मीटर, आणि 20 मीटर साखळी म्हणजे त्याच्या तिपटीहून थोडी जास्त. हवी होती 31. त्यात खाली गवत. तेव्हापासून तीन आकडे कागदावर लिहून बेरीज करते, मगच साखळीला हात लावते. तुमचं यंत्र खोली पाण्याच्या पृष्ठभागापासून मोजतं की नौकेच्या तळापासून, तेही एकदा तपासून घ्या. आमचं तळापासून मोजायचं, हे नंतर कळलं. म्हणजे तो हिशेबसुद्धा मला झुकतं माप देऊन केलेला होता.

टाकण्याची पद्धत अशी. नाळ वाऱ्याकडे करून अगदी हळू जा. नौका पूर्ण थांबली आणि मागे सरकायला लागली की नांगर खाली सोडा. आधी सोडलात तर साखळीचा ढीग नांगरावरच पडतो. मागे सरकता सरकता साखळी सोडत राहा. सगळी सोडून झाली की इंजिन उलटं, आधी हळू, मग जोर वाढवत. याच वेळी किनाऱ्यावरच्या एकामागे एक असलेल्या दोन खुणा धरा, समजा एक झाड आणि त्यामागचा टॉवर. त्यांची रांग मोडली नाही तर नांगर धरलाय. पायाचा तळवा किंवा हात साखळीवर ठेवून बघा: नांगर घसरत असेल तर खडखड अंगाला जाणवते, धरला असेल तर साखळी ताणून गप्प असते. ही खूण मला यंत्रापेक्षा जास्त पटते.

त्यानंतर मास्क लावून पाण्यात उतरा आणि नांगर डोळ्यांनी बघून या. उष्ण कटिबंधातलं पाणी कोमट आणि नितळ असतं, तेव्हा आळसाला सबब नाही. पातं वाळूत गाडलं गेलेलं दिसलं पाहिजे. आडवा पडलेला दिसला तर पुन्हा टाका. शेजारचे लोक बघत असतात, लाज वाटते, तरी टाका. तिसऱ्यांदा टाकताना कोणी हसत नाही. हसणारे सगळे कधी ना कधी अडीचला उठलेले असतात.

साखळीला ताण सोसण्याची लवचीकता नसते, म्हणून आठ-दहा मीटरचा नायलॉन दोर हुकाने साखळीत अडकवून सगळा भार त्या दोरावर घ्या. याला स्नबर म्हणतात. तो नसला तर प्रत्येक हिसका थेट विंचला, म्हणजे साखळी ओढणाऱ्या यंत्राला, बसतो आणि साखळीचा आवाज रात्रभर उशीखाली कुरकुरतो. साखळीवर दर 10 मीटरला रंगाची खूण करून ठेवा, अंदाजपंचे मोजायला नको.

आणखी एक, जे फार उशिरा लक्षात येतं. नौका नांगराभोवती पूर्ण गोल फिरू शकते. मोठ्या, डोंगराळ बेटाजवळ दिवसा वारा एका बाजूने आणि रात्री जमिनीकडून मतलई वारा येतो. संध्याकाळी खडकापासून छान लांब असलेली नौका पहाटे खडकाच्या तोंडाशी असते. त्यामुळे मागे किती जागा आहे एवढंच बघू नका, सगळं वर्तुळ बघा. आधीपासून उभ्या असलेल्या नौकेचा मान पहिला. नंतर येणाऱ्याने अंतर राखायचं, आणि कोणी 'जवळ आलात' म्हटलं तर वाद न घालता उचलायचं. रात्री डोलकाठीच्या टोकावर चहूकडून दिसणारा पांढरा दिवा लावायचा. तो आंतरराष्ट्रीय नियमच आहे.

पाणी

टाकी 300 लिटरची, माणसं दोन. घरासारखा नळ सोडलात तर तीन दिवसांत तळ दिसेल. हिशेबाने वागलात तर दिवसाला 20 लिटरमध्ये भागतं आणि टाकी पंधरा दिवस चालते. विजेच्या पंपाचा नळ बंद करा आणि पायाने दाबायचा पंप बसवा. दाबाल तेवढंच पाणी येतं, हा सगळ्यात स्वस्त शिक्षक. भांडी समुद्राच्या पाण्याने घासायची, शेवटचा हात गोड्या पाण्याचा. अंघोळही तशीच: समुद्रात बुडी, शाम्पू (साध्या साबणाला खाऱ्या पाण्यात फेस येत नाही, शाम्पूला येतो), परत बुडी, आणि शेवटी झाडांवर औषध मारायच्या हातपंपाने दीड लिटर गोडं पाणी. तेवढं खरंच पुरतं.

पाऊस आला की छताच्या कापडातून पाणी गोळा करा, पण पहिली पाच-दहा मिनिटं वाहून जाऊ द्या. कापडावर साचलेलं मीठ आणि पक्ष्यांची घाण आधी धुऊन जाऊ दे. टाक्या दोन असतील तर त्या एकमेकींपासून बंद ठेवा, म्हणजे एक बिघडली तरी दुसरी वाचते.

खाऱ्याचं गोडं करणारं यंत्र घेणार असाल तर त्याचे नखरे माहीत असू द्या. तेलाचा तवंग असलेल्या बंदरात ते चालवायचं नाही. क्लोरिनने त्याचा पडदा खराब होतो, म्हणून नळाच्या पाण्याने ते धुताना मध्ये कोळशाचा फिल्टर हवा. आणि बरेच दिवस बंद ठेवलं तर आत शेवाळ आणि जंतू वाढतात. म्हणजे ते यंत्र आणलं की त्याची सेवा आलीच.

वीज

सगळ्यात खादाड गोष्ट फ्रिज. 12 व्होल्टचा लहान फ्रिजसुद्धा उकाड्यात दिवसाला 40 ते 60 अँपिअर-तास खातो. समुद्रात असताना त्यात आपोआप सुकाणू धरणाऱ्या यंत्राची भर पडते. 400 वॉटची सौर पॅनेलं उष्ण कटिबंधात स्वच्छ दिवशी साधारण 120 अँपिअर-तास देतात, म्हणजे दोघांचा संसार चालतो, इंजिन न लावता.

कागदावर. प्रत्यक्षात आमचं उत्पादन बरेच दिवस त्याच्या निम्मंच होतं आणि आम्ही वायरिंग उकरत बसलो होतो. कारण निघालं बूमला, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेच्या आडव्या दांड्याला, बांधलेली एक दोरी. पेन्सिलीएवढी तिची सावली दुपारी पॅनेलवर आडवी पडायची. पॅनेलमधल्या पेशी साखळीसारख्या जोडलेल्या असतात. थोड्या पेशी झाकल्या गेल्या तरी सगळ्या रांगेचा प्रवाह अडतो. नांगर टाकून झाल्यावर बूम एका बाजूला ओढून बांधा, आणि पॅनेलवर मीठ साचलं की पुसा.

बॅटऱ्या शिशाच्या असतील तर निम्म्याच्या खाली उतरू देऊ नका, आयुष्य झपाट्याने कमी होतं. लिथियमच्या बऱ्याच खाली जाऊ शकतात, पण त्यांना चार्जिंगची व्यवस्था वेगळी लागते. काहीही असो, किती आत आलं आणि किती गेलं ते मोजणारा मीटर बसवा. नुसत्या व्होल्टेजवरून अंदाज बांधणं म्हणजे कपाळाला हात लावून ताप मोजणं.

स्वयंपाकघर आणि पोट

पुठ्ठ्याची खोकी नौकेवर आणायची नाहीत. त्यांच्या घड्यांत झुरळांची अंडी असतात. सामान धक्क्यावरच काढून घट्ट झाकणाच्या डब्यांत भरा. फळांचा घड आणलात तर आधी समुद्राच्या पाण्यात बुडवून घ्या. कधीच फ्रिजमध्ये न गेलेली, न धुतलेली अंडी बाहेर काही आठवडे टिकतात, दोन दिवसांनी उलटी करत राहायची. शंका आली तर पाण्यात टाका: तरंगलं की फेका. कांदे आणि बटाटे शेजारी ठेवू नका. कोबी बिचारा सगळ्यात जास्त दिवस साथ देतो.

चालत्या नौकेवर प्रेशर कुकरसारखं भांडं नाही. झाकण घट्ट बसतं, कलंडला तरी सांडत नाही. गरम पदार्थ अंगावर सांडून भाजणं हा या जगण्यातला खराखुरा धोका आहे, तेव्हा हेलकाव्यात उघड्या अंगाने शेगडीपुढे उभे राहू नका. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर बाहेर न जाता नौकेच्या तळात साचतो, आणि मग एक ठिणगी पुरते. काम झालं की नुसतं शेगडीचं बटण नाही, सिलिंडरचा कॉकही बंद करायचा. प्रत्येक वेळी.

मासेमारीचा मोह होईल. खोल समुद्रात गळाला लागलेला मासा खुशाल खा. प्रवाळाजवळचे मोठे, इतर मासे खाणारे मासे मात्र तिथल्या लोकांना विचारल्याशिवाय खाऊ नका. सिग्वाटेरा नावाचं विष त्यांच्यात साठत जातं. ते शिजवून जात नाही, गोठवून जात नाही, चवीला कळत नाही. ते झालेल्या माणसाला गार वस्तू पोळल्यासारखी वाटते. एकाच बेटाच्या एका बाजूचा मासा चांगला आणि दुसऱ्या बाजूचा विषारी असं असू शकतं, आणि ते तिथल्या मच्छीमारालाच माहीत असतं.

शौचालयाबद्दल एकच: जे पोटातून आलं नाही ते आत टाकायचं नाही. पाहुण्यांना हे पहिल्या पाच मिनिटांत सांगा, संकोच करू नका. पंप उघडून साफ करायची वेळ आली की संकोचाची किंमत कळते.

मीठ

मीठ हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून खारं कापड कधीच वाळत नाही. खाऱ्या कपड्यांनी गादीवर बसलात तर ती गादी पुढचे कित्येक महिने दमट राहील. आमच्याकडे पायऱ्यांशी गोड्या पाण्याची बाटली आणि एक फडकं असतं. आत येणाऱ्याने आधी पाय पुसायचे. कपाटांच्या आतून बुरशी धरते तिला व्हिनेगरचा बोळा पुरतो.

त्वचेचंही तसंच. प्रवाळाचा साधा ओरखडा दमट हवेत दोन दिवसांत पिकतो. लगेच गोड्या पाण्याने आणि साबणाने धुवा, आतले कण काढा, कोरडा ठेवा. लालसर पट्टा वर चढताना दिसला किंवा ताप आला तर पुढचं बेट राहू दे, डॉक्टर गाठा.

निघायचा दिवस

नौका सरासरी 5 नॉटने जाते असं धरा. 45 सागरी मैल म्हणजे नऊ तास. आता उलटा हिशेब करा, पोचायच्या वेळेपासून. प्रवाळ असलेल्या खाडीत सूर्य वर आणि पाठीमागे असताना शिरायचं असतं, साधारण दहा ते तीनच्या मध्ये. व्यापारी वाऱ्याबरोबर जाणारा पश्चिमेकडे जातो, आणि दुपारनंतर सूर्य नेमका समोर येतो. पाण्याचा आरसा होतो, खाली काय आहे ते दिसत नाही. त्यामुळे पश्चिमेला जाताना दुपारच्या आत पोचणं बरं. नऊ तासांसाठी मग मध्यरात्रीनंतर निघावं लागतं, आणि ओळखीच्या खाडीतून अंधारात बाहेर पडणं हे अनोळखी खाडीत अंधारात शिरण्यापेक्षा कितीतरी सोपं. उशीर झालाच तर बाहेर समुद्रात शीड आखडून उजाडेपर्यंत थांबा. हे करायला फार जिवावर येतं. करा.

बोट लागणं हा कमीपणा नाही. बहुतेकांना दोन-तीन दिवसांत सवय होते. गोळी निघायच्या आधी घ्यायची असते, उलटी सुरू झाल्यावर ती पोटात राहत नाही. खाली केबिनमध्ये वाकून काही शोधत बसू नका. बाहेर बसा, क्षितिजाकडे बघा, जमत असेल तर सुकाणू हातात घ्या. पहिल्या दिवसाचं जेवण आदल्या दिवशीच करून ठेवा.

रात्री दोघं असाल तर तीन-तीन तासांची पाळी. एकटं बाहेर असताना लाइफजॅकेट आणि कमरेचा पट्टा नौकेला अडकवलेला, आणि दुसऱ्याला उठवल्याशिवाय पुढे डेकवर जायचं नाही. यात सूट नाही. अंधार पडायच्या आधी एक शीड आखडून घ्या, भले वेग एका नॉटने कमी होवो. रात्रीची सर दिसत नाही, चांदण्या एका बाजूने विझत येतात तेव्हा ती आलेली असते.

पोचताना

ध्रुवीकृत चष्मा लावून एकाने पुढे उभं राहायचं. गडद निळं म्हणजे खोल. फिरोजी म्हणजे वाळूवरचं मध्यम पाणी. फिकट, पांढरट हिरवं म्हणजे उथळ. तपकिरी किंवा पिवळट म्हणजे प्रवाळ अगदी वर आलेलं, तिथे जायचं नाही. ढगाची सावलीही गडद डागासारखी दिसते. घाई न करता क्षणभर बघा, सावली सरकते. पडद्यावरच्या नकाशात नौकेची खूण कितीही अचूक असली तरी पॅसिफिकमध्ये काही ठिकाणचे नकाशे जुन्या मोजणीवरून बनलेले आहेत आणि बेटच थोडं बाजूला काढलेलं असतं. उपग्रहाचं चित्र आणि डोळे, दोन्ही वापरा.

फ्रेंच पॉलिनेशियातल्या तुआमोतूसारख्या कंकणद्वीपांत, म्हणजे मध्ये पाणी असलेल्या कड्यासारख्या प्रवाळबेटांत, आत जायला खडकातली एखादीच वाट असते, आणि भरती-ओहोटीचं सगळं पाणी तिथूनच ये-जा करतं. प्रवाह मंदावण्याची वेळ साधायची. वाऱ्याकडच्या खडकावरून लाटा सतत पाणी आत ढकलत असतील तर बाहेर येणारा प्रवाह तक्त्यातल्या वेळेपेक्षा जास्त लांबतो, आणि उधाणाच्या दिवसांत तर विचारू नका. भांगाचे दिवस, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो ते, नवख्यांसाठी बरे. आत गेलात तो माग यंत्रात जपून ठेवा, बाहेर पडताना त्याच मागावरून परत या.

नवा देश असेल तर आधी ठरलेल्या प्रवेशबंदरातच जावं लागतं. पिवळा झेंडा चढवायचा, आणि कागद होईपर्यंत कप्तानाशिवाय कोणी उतरायचं नाही. मागच्या बंदराचा निर्गमन दाखला, माणसांची यादी, पासपोर्ट, नौकेची नोंदणी यांच्या पाच-सहा प्रती तयार ठेवा. काम झालं की पिवळा उतरवून उजव्या बाजूला त्या देशाचा झेंडा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला येण्याआधीच कळवावं लागतं, आणि ताजी फळं, भाज्या, मांस ते काढून घेतात. शेवटच्या आठवड्यात खाऊन संपवा.

नांगर उचलताना

नौका ओढायचं काम विंचचं नाही. इंजिनाने हळू पुढे जात साखळी सैल करा आणि मगच गोळा करा. पुढचा माणूस साखळी कुठल्या दिशेला आहे ते हाताने दाखवतो, मागचा तसं वळवतो. हाताच्या खुणा आधीच ठरवा, वाऱ्यात ओरडणं ऐकू येत नाही, फक्त भांडल्यासारखं दिसतं. साखळी अडकली तर जोर लावू नका, मास्क घालून ती खडकाला कुठल्या बाजूने वेढलीय ते बघा आणि नौका उलट फिरवून ती सोडवा. आणि वर येणारी प्रत्येक हात साखळी बादलीने धुऊनच खणात जाऊ द्या. चिखलासकट गेली तर तिसऱ्या दिवशी पुढच्या केबिनमध्ये झोपवत नाही. आमच्याकडे ती केबिन पाहुण्यांची आहे, तरीही मी धुते.